एक दुर्बीण, दोन बंदुका : आलटून-पालटून लावली तर नेम का चुकतो?

बारामती एमआयडीसी : रानडुकरांनी मका, भुईमूग, ऊस लोळवल्याच्या तक्रारी बारामती-इंदापूर भागात नव्या नाहीत. पीक संरक्षणासाठी बंदुकीचा परवाना असलेले शेतकरीही आपल्याकडे आहेत. मोबाईलवरच्या व्हिडिओत काढता-लावता येणारी दुर्बीण दिसते आणि मनात येतं, एकच चांगली दुर्बीण घ्यावी, घरातल्या दोन्ही बंदुकांना आलटून-पालटून वापरावी, तेवढेच पैसे वाचतील. जमतं का? लावता येते, पण प्रत्येक वेळी नेम नव्याने जुळवल्याशिवाय तिच्यावर भरवसा ठेवता येत नाही.

सीएनसीवरच्या पोरांना लगेच कळेल

एमआयडीसीत सीएनसीवर काम करणाऱ्याला हे सांगावं लागत नाही. एका मशीनवरचं टूल काढून दुसऱ्यावर लावलं की ऑफसेट पुन्हा घ्यावा लागतो. जुन्या ऑफसेटवर चालवलं तर जॉब रिजेक्ट, नाहीतर टूल तुटलं.

बंदुकीचं तसंच आहे. दुर्बिणीतली फुली आणि गोळी एका ठिकाणी आणणं, याला ‘झिरो करणं’ म्हणतात. हा झिरो एकट्या दुर्बिणीचा नसतो. बंदूक, दुर्बीण, माउंट आणि गोळी या चौघांचा मिळून असतो. एक बदललं की हिशोब बदलला.

फरक किती पडतो?

दुर्बीण दोन रिंगांत बसते. समजा दोन रिंगांत १० सेंटिमीटर अंतर आहे आणि एका रिंगखाली कागदाच्या जाडीएवढा, म्हणजे ०.१ मिलिमीटर, फरक राहिला. तेवढ्याने १०० मीटरवर गोळी १० सेंटिमीटर वर नाहीतर खाली जाते. ५० मीटरवर ५ सेंटिमीटर. दोन बंदुकांची बैठक इतकी तंतोतंत सारखी नसते. त्यात .२२ आणि .३१५ रायफलच्या गोळीचा वेग, वजन, झटका सगळंच वेगळं.

चांगला क्विक माउंट त्याच बंदुकीवर, त्याच खाचेत परत लावला तर झिरो बराचसा जागेवर येतो. तो त्यासाठीच असतो. दुसऱ्या बंदुकीचा झिरो तो आणून देत नाही.

कुठे दुर्बीण नकोच

बारा बोरमध्ये छर्रे असतील तर ते पसरतात आणि मारा ३५-४० मीटरच्या आतला. तिथे दुर्बिणीचा उपयोग नाही. स्प्रिंगच्या एअरगनला मागे-पुढे असा दुहेरी झटका बसतो, त्यात साधी दुर्बीण आतून खिळखिळी होते. .३१५ चा झटका मोठा. .२२ साठी डोळ्याजवळ बसवलेली दुर्बीण तशीच त्यावर लावली तर थेट भुवईवर आदळते. डोळा आणि काच यात साधारण ३ ते ४ इंच अंतर हवंच.

तरीही एकच वापरायची असेल तर

• दोन्ही बंदुकांवर एकाच पद्धतीची रेल बसवून घ्या. रिंगा दुर्बिणीवरच राहू द्या.
• रेलची कोणती खाच, यावर खूण करा.
• प्रत्येक बंदुकीसाठी किती क्लिक, कोणत्या बाजूला, हे वहीत लिहा. पाव मिनिटाचा एक क्लिक म्हणजे १०० मीटरवर सुमारे ७ मिलिमीटर. २० सेंटिमीटर फरक असेल तर २७-२८ क्लिक.
• गोळी एकाच कंपनीची, एकाच प्रकारची ठेवा.
• बदलल्यावर कागदी टार्गेटवर किमान तीन बार काढून खात्री करा. एका बारावरून काही कळत नाही.

ही चाचणी अधिकृत शूटिंग रेंजवरच करायची. बांधावर, माळावर नाही. .२२ ची गोळी लहान दिसते, पण दीड किलोमीटरच्या पुढेही जाऊ शकते. रुई, तांदूळवाडी, कटफळ, गोजुबावीच्या शिवारात रात्री शिफ्टवरून येणारी पोरं रस्त्यावर असतात, फडात ऊसतोड मजुरांच्या कोप्या असतात.

परवाना आहे म्हणजे शिकार चालते असं नाही

बंदुकीचा परवाना वेगळा आणि वन विभागाची परवानगी वेगळी. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे लेखी परवानगीशिवाय रानडुक्कर मारणं गुन्हा आहे. सुपे, इंदापूरच्या माळावरच्या चिंकाऱ्याकडे तर बंदूक रोखायचीच नाही. शस्त्र कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका परवानाधारकाला जास्तीत जास्त दोनच बंदुका ठेवता येतात. ज्याच्या नावावर बंदूक, त्यानेच ती वापरायची. दुर्बीण विकत घेण्याआधी परवाना शाखेत विचारून घ्या.

नेम १० सेंटिमीटर चुकला तर डुक्कर मरत नाही, जखमी होऊन उसात शिरतं. सकाळी त्याच सरीत पाणी धरायला कोण जाणार? आपल्याच घरातला माणूस. जखमी डुक्कर पळत नाही, अंगावर येतं. असं झालं तर मागे न जाता वन विभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर कळवा.

म्हणून परवानाधारकांसाठी सरळ हिशोब असा : जी रायफल खरोखर वापरात आहे तिलाच दुर्बीण कायमची बसवा, एकदा रेंजवर झिरो करा आणि पुन्हा हलवू नका. दुसरी बंदूक तिच्या मूळच्या साध्या साइटवरच राहू द्या.