‘आर्य’ : एका भाषाशास्त्रीय संज्ञेचा कायद्यातील प्रवेश

सेनगावच्या बाजारात मराठी, लमाणी आणि दखनी अशा तीन भाषा सहज कानी पडतात. भाषाशास्त्र या तिन्हींची गणना भारतीय-आर्य शाखेत करते. या वर्गीकरणास आधार आहे तो ध्वनिपरिवर्तनांचा व रूपविचाराचा. बोलणाऱ्याच्या रक्ताविषयी त्यातून काहीही सिद्ध होत नाही. ही मर्यादा राज्यसत्तेने ओलांडली म्हणजे काय घडते, हे १९३३च्या जर्मनीवरून कळून येते.

१९१९च्या संविधानाने जर्मन प्रजासत्ताकात कायद्यापुढील समता मान्य केली होती. परंतु त्याच संविधानाच्या ४८व्या कलमान्वये राष्ट्राध्यक्षास आणीबाणीच्या प्रसंगी मूलभूत हक्क तहकूब करता येत असत. नोव्हेंबर १९३२च्या निवडणुकीत नाझी पक्षास सुमारे ३३ टक्के मते पडली. म्हणजे बहुमत नव्हते. तथापि ३० जानेवारी १९३३ रोजी राष्ट्राध्यक्ष हिंडेनबुर्ग यांनी हिटलरची चान्सेलरपदी नेमणूक केली. २७ फेब्रुवारीस संसदभवनास आग लागली आणि दुसऱ्याच दिवशी ४८व्या कलमाचा आधार घेऊन नागरिकांचे हक्क तहकूब करण्यात आले. २३ मार्च रोजी मंत्रिमंडळास संसदेवाचून कायदे करण्याची मुभा मिळाली. कम्युनिस्ट सदस्यांना सभागृहात येऊच दिले नव्हते. विरोधी पडलेली ९४ मते सर्वस्वी सोशल डेमॉक्रॅट पक्षाची होती.

यानंतर अवघ्या पंधरा दिवसांनी, ७ एप्रिलच्या कायद्याने, ‘आर्य वंशाचे नसलेल्या’ सरकारी नोकरांस निवृत्त करण्याचे ठरले. आजीआजोबांपैकी एक जण ज्यू असला तरी मनुष्य अनार्य, अशी व्याख्या ११ एप्रिलच्या नियमाने केली. ज्यांची मातृभाषा जर्मन, म्हणजे इंडो-यूरोपीय कुलातीलच होती, असे लोक या व्याख्येने अनार्य ठरले. हाले विद्यापीठात संस्कृत शिकविणाऱ्या बेट्टी हाइमान यांना त्याच वर्षी अध्यापनास मुकावे लागले. ‘आर्य’ हा शब्द ज्या भाषेतून यूरोपच्या विद्वानांनी उचलला, तीच भाषा त्या शिकवीत होत्या.

वंशाची शारीरिक खूण तरी होती काय? इरावती कर्वे यांनी १९२८ ते १९३०च्या सुमारास बर्लिनमध्ये ऑयगेन फिशर यांच्या मार्गदर्शनाखाली मानवी कवटीच्या असममितीचा अभ्यास केला. गुरूच्या अपेक्षेविरुद्ध, त्या असममितीचा वंशाशी संबंध आढळत नाही, असा निष्कर्ष त्यांनी काढला. हेच फिशर पुढे १९३३ मध्ये बर्लिन विद्यापीठाचे कुलगुरू झाले. १९३५च्या न्यूरेंबर्ग कायद्यांची अंमलबजावणी करताना राज्यकर्त्यांनाही शरीराचा पुरावा मिळाला नाही. आजीआजोबांची नोंद ज्यू धर्मसंस्थेत होती किंवा नाही, हेच पाहावे लागले. वंशाचा म्हणून केलेला कायदा अखेर धर्माच्या नोंदवहीवर चालला.

कोकणातील बेने इस्राएल समाजाचे उदाहरण येथे उद्बोधक आहे. तेल गाळण्याचा व्यवसाय आणि शनिवारी घाणा बंद ठेवण्याची रीत यांमुळे ते ‘शनिवार तेली’ म्हणून ओळखले जात. त्यांचा धर्म ज्यू, प्रार्थनेची भाषा हिब्रू आणि घरची भाषा मराठी. भाषेवरून त्यांना ‘आर्य’ म्हणावे, तर जर्मन कायद्याने ते ‘अनार्य’ ठरतात. एकाच संज्ञेने भाषा आणि जन्म या दोहोंची मोजदाद करू पाहिल्यास असा विरोध अटळ आहे.

नोकरीतून काढण्यापासून सुरू झालेल्या या छळाची परिणती पुढे सुमारे साठ लक्ष ज्यूंच्या हत्येत झाली. ते कृत्य भाषाशास्त्राने केले नाही, हे खरे. पण आपली संज्ञा कोठवर लागू पडते हे ठामपणे सांगण्याचे काम भाषाशास्त्राचेच आहे, आणि ते वर्गातील पहिल्या व्याख्यानापासूनच झाले पाहिजे.