थ्री-पिनची तिसरी पिन

नवा फ्लॅट बघायला गेल्यावर आपण काय काय तपासतो? पार्किंग, मॉड्युलर किचन, लिफ्टची कंपनी, ब्रॉडबँड कुणाचं येतं. डीपी कुठे आहे आणि तिचं अर्थिंग कसं केलंय, असं विचारणारा ग्राहक मला तरी अजून भेटलेला नाही. (डीपी म्हणजे प्रोफाइल फोटो नव्हे बरं का! गावाकडे ट्रान्सफॉर्मरला सगळे डीपीच म्हणतात.)

माझ्या डोक्यात हा किडा शिरला तो गोंदियात. भात आणि राइस मिल्सचा हा जिल्हा विजेच्या बाबतीतही तालेवार आहे. तिरोड्याला ६६० मेगावॅटचे पाच संच, म्हणजे ३,३०० मेगावॅटचा प्रकल्प. आणि याच गोंदिया शहरात २१ डिसेंबर २०१६ च्या पहाटे बिंदल प्लाझा हॉटेल पेटलं, सात जण गेले. तेव्हाचा पहिला अंदाज शॉर्ट सर्किटचा होता. ती आग अर्थिंगमुळे लागली असं मी मुळीच म्हणत नाही. पण वीज भरपूर असणं वेगळं आणि ती चार-पाच मजल्यांत नीट नांदणं वेगळं, हे तिथे फिरताना मनातून जात नाही.

विदर्भात ‘गिझर करंट मारते’ हे वाक्य ‘आज ऊन लई हाय’ इतक्या सहज बोललं जातं. उपाय काय? स्लिपर घालून आंघोळ!

आता थोडं सायन्स, कंटाळू नका. डीपी ११,००० व्होल्ट घेते आणि ४३३ व्होल्ट देते. तिच्या आतल्या तीन वाइंडिंग्ज जिथे एकत्र येतात तो बिंदू म्हणजे न्यूट्रल, आणि तो जमिनीला जोडलेला असतो. नियमानुसार एकदा नाही, दोन वेगवेगळ्या जोडण्यांनी. आणि न्यूट्रलची तार तुटली तर २३० व्होल्टच्या तुमच्या टीव्हीवर ४०० व्होल्टपर्यंत दाब येऊ शकतो. एका रात्रीत अख्ख्या सोसायटीचे टीव्ही-फ्रिज जळाल्याच्या कहाण्या तुम्हीही ऐकल्या असतील.

सगळ्यात मोठा गैरसमज असा, की करंट जमिनीत जातो आणि संपतो. तो संपत नाही. त्याला परत डीपीच्या न्यूट्रलकडे जायचं असतं, जमीन ही फक्त वाट. आणि वाट खराब असेल तर? समजा डीपीच्या खड्ड्याचा रोध ५ ओहम, तुमच्या बिल्डिंगच्या खड्ड्याचा ५ ओहम. गिझरचा फेज बॉडीला टेकला, की २३० भागिले १०, म्हणजे २३ अँपिअर. २० अँपिअरच्या एमसीबीला या तर गुदगुल्या! तो लगेच पडत नाही आणि गिझरच्या अंगावर ११५ व्होल्ट तसेच राहतात. तेच अर्थची जाड पट्टी मीटर रूममधून थेट डीपीच्या न्यूट्रलपर्यंत गेली असेल तर शेकडो अँपिअर धावतात आणि एमसीबी क्षणात पडतो. बिल्डिंगच्या आवारातच स्वतःची डीपी असेल, तर ही पट्टी जोडणं सोपं. डीपी रस्त्यापलीकडे असेल, तर बहुतेकदा फक्त खड्ड्याचाच भरवसा.

आणि खड्डा तरी कसा? मीठ-कोळसा घातलेला, पावसाळ्यात झकास. गोंदियाच्या मे महिन्यात जमीन भाजून निघते, रोध वाढतो आणि खड्ड्यात पाणी ओतायचं कुणाला आठवत नाही.

मला यातली सगळ्यात भारी गोष्ट वाटली ती काँक्रीटची. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात हर्बर्ट उफर या अमेरिकन इंजिनिअरला अॅरिझोनाच्या कोरड्या वाळवंटात बॉम्बच्या कोठारांना अर्थिंग द्यायचं होतं. त्याने पायाच्या काँक्रीटमधल्या सळ्याच वापरल्या. काँक्रीट ओल धरून ठेवतं, त्यामुळे पुढे कित्येक वर्षांनी मोजलं तरी रोध ५ ओहमच्या आत! म्हणजे आपल्या बिल्डिंगखाली आयतंच अर्थिंग पडलेलं असतं. फक्त पाया भरतानाच सळ्या नीट बांधून जोडणीचं टोक बाहेर काढायला हवं, आणि पायाखाली प्लास्टिकचा वॉटरप्रूफिंग कागद नको. चौथ्या मजल्यावर बाल्कनीतली सळी खरवडून तिला वायर गुंडाळणं म्हणजे उफर नव्हे. तो निव्वळ जुगाड, आणि जीवघेणा.

बिल्डर पाया भरून मोकळा झाला असेल, तर? सोसायटीच्या मीटिंगमध्ये पार्किंगवरून भांडून झालं, की अर्थ टेस्टिंगचा रिपोर्ट मागा. लायसन्सवाल्या कॉन्ट्रॅक्टरकडून, आणि माप मे महिन्यातलं हवं, ऑगस्टमधलं नको. घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवा. अर्थिंग कमकुवत असलं तरी तो गळती ओळखून पडतो. त्यावर ‘टी’ लिहिलेलं बटण असतं, महिन्यातून एकदा दाबा. आणि थ्री-पिनची ती वरची, लांब, जाड पिन? ती मुद्दाम लांब असते, बाकीच्या दोघींच्या आधी सॉकेटला भेटावी म्हणून. ती कापून टू-पिनमध्ये बसवणारा इलेक्ट्रिशियन भेटला, तर त्याला चहा पाजा आणि दुसरा शोधा.