५, डॉगवूड ड्राइव्ह कुठे आहे हो?

समजा, तुम्ही डिलिव्हरीचं काम करता. आजची ही शेवटची डिलिव्हरी. म्हणजे आजच्या दिवसाची नाही, अख्ख्या नोकरीचीच शेवटची, कारण मालकीणबाईंचं जुन्या वस्तूंचं दुकानच बंद होतंय. ट्रकमध्ये माल आहे, शेजारी गवती टोपी घातलेला म्हातारा कुत्रा आहे आणि हातातल्या कागदावर पत्ता आहे : ५, डॉगवूड ड्राइव्ह. सूर्य मावळतोय आणि हा पत्ता काही केल्या सापडत नाही. तुम्ही एका पेट्रोल पंपावर थांबता. पंपावर घोड्याचं भलंमोठं डोकं आहे. खुर्चीत बसलेले अंध आजोबा तुमचं ऐकून घेतात आणि सांगतात, की तिथे जायचं तर ‘झिरो’ घ्यावा लागेल. झिरो म्हणजे जमिनीखालून, गुहांमधून जाणारा हायवे.

तुम्ही काय म्हणाल? ‘आजोबा, गंमत करताय का?’ पण आपला ट्रक ड्रायव्हर कॉनवे असं काहीच म्हणत नाही. तो फक्त विचारतो, की तिकडे वळायचं कुठून.

‘केंटकी रूट झिरो’ हा गेम असा सुरू होतो. इथे बंदूक नाही, स्कोअर नाही, ‘गेम ओव्हर’ नाही. कॉनवेला चालवायचं, समोर येणारा मजकूर वाचायचा आणि संवादाच्या दोन-तीन पर्यायांतून एक निवडायचा, एवढंच काम. माझी रूममेट पहिल्या वीस मिनिटांत म्हणाली, ‘अगं, हा गेम आहे की पुस्तक?’ आणि झोपली. तिचं फार चुकलं असं नाही. पण मी रात्री अडीचपर्यंत जागी होते.

कवितेचा पासवर्ड

हा गेम कसा आहे, ते पहिल्या दहा मिनिटांतल्या एका प्रसंगावरून कळतं. रस्ता शोधायला पंपावरचा कॉम्प्युटर वापरायचा असतो. त्याला पासवर्ड आहे. कुठल्याही दुसऱ्या गेममध्ये आपण तो शोधत बसलो असतो : भिंतीवर चिठ्ठी असेल, ड्रॉवरमध्ये कागद असेल. इथे पासवर्ड म्हणजे छोटी कविताच. एकेक ओळ समोर येते, तीन-तीन पर्याय असतात. तुम्ही कुठल्याही ओळी निवडा, कॉम्प्युटर उघडतो!

आधी मला वाटलं, हा काय फालतूपणा? मग लक्षात आलं, की गेम आपली परीक्षा घेतच नाहीये. उत्तर बरोबर की चूक याच्याशी त्याला देणंघेणं नाही, तुम्ही कोणती ओळ का निवडलीत एवढंच तो विचारतो. शाळेपासून चार पर्यायांतला एक बरोबर गोल काळा करत आलेल्या आपल्यासारख्यांना हे पचायला वेळ लागतो. कुत्र्याचं नाव काय, कॉनवे जुन्या आठवणींबद्दल बोलेल की विषय टाळेल, हे तुम्ही ठरवायचं. गोष्ट जिथे जायची तिथेच जाते, पण त्या गोष्टीतली माणसं कशी होती हे प्रत्येकाच्या गेममध्ये थोडं वेगळं असतं.

पुढे एका बारमध्ये जॉनी आणि जूनबग हे दोन यंत्रमानव गातात. गाण्याची प्रत्येक ओळ आपण निवडतो, आणि गाता गाता बारचं छप्पर हळूहळू नाहीसं होतं. वर नुसतं आभाळ. प्रेक्षकांत मोजून चार डोकी, आणि छप्पर कुठे गेलं असं त्यांच्यातलं कुणीही विचारत नाही.

अस्वलांचा मजला

याला साहित्यात ‘जादुई वास्तववाद’ म्हणतात. आम्हाला दुसऱ्या वर्षाला गाब्रिएल गार्सिया मार्केझ या कोलंबियन लेखकाच्या निमित्ताने हा शब्द शिकवला होता आणि मी तो पाच मार्कांसाठी पाठ केला होता. अर्थ मला या गेममध्ये कळला. गेममध्ये एक सरकारी कार्यालय आहे. त्याच्या एका मजल्यावर फक्त अस्वलं आहेत. लिफ्टमध्ये जसं ‘दुसरा मजला : लेखा विभाग’ लिहिलेलं असतं, तशीच ही नोंद. एका लहान मुलाचा भाऊ म्हणजे घराएवढा गरुड आहे. कुणाला काहीच वाटत नाही. लोकांना चिंता आहे ती वेगळ्याच गोष्टींची : वीजबिल, थकलेले हप्ते, औषधांचा खर्च. म्हणजे अशक्य गोष्टी सहज घडतात आणि रोजच्या गोष्टी अशक्य होऊन बसतात. टीव्ही दुरुस्त करणारी शॅनन कॉनवेच्या सोबतीला येते. तिचं आडनावही मार्केझच आहे.

शॅननचे आईवडील ज्या खाणीत कामाला होते, त्या खाणीत पाणी भरून मजूर बुडाले. आपण ट्रॉलीत बसून त्या बंद खाणीतून जातो. एका ठिकाणी मी सहज दिवा बंद करून पाहिला, तर अंधारात मजुरांच्या आकृत्या चालताना दिसल्या. दिवा लावला, कुणी नाही. भीतीदायक संगीत नाही, दचकवणं नाही. मी दिवा पुन्हा बंद केला आणि तसाच ठेवला.

हे सगळं हवेतून आलेलं नाही. अमेरिकेतल्या केंटकी राज्यात खरोखर कोळशाच्या खाणी आहेत. तिथल्या खाण कंपन्या एकेकाळी मजुरांना पगार डॉलरमध्ये न देता स्वतःच्या टोकनांमध्ये द्यायच्या. ती टोकनं चालायची फक्त कंपनीच्याच दुकानात. म्हणजे कमवायचं कंपनीकडे, खर्चायचं कंपनीकडे आणि उधारीही कंपनीचीच. गुहाही खऱ्या आहेत. केंटकीतली मॅमथ केव्ह ही जगातली आजवर माहीत असलेली सगळ्यात लांब गुहा, ६५० किलोमीटरहून जास्त. १९७० च्या दशकात विल क्राउदर या प्रोग्रॅमरने या गुहांमध्ये फिरण्याच्या अनुभवावरून कॉम्प्युटरवर एक खेळ लिहिला. त्यात एकही चित्र नव्हतं, फक्त शब्द. ‘ॲडव्हेंचर’ नावाच्या त्या खेळावरूनच गेमच्या एका अख्ख्या प्रकाराला ॲडव्हेंचर गेम म्हणायला लागले. त्यामुळे शब्दांवर चालणारा हा गेम केंटकीच्या गुहेत घडतो, ही एका अर्थाने घरवापसीच आहे.

सात वर्षांची वाट

गेम बनवला ‘कार्डबोर्ड कॉम्प्युटर’ या तीन जणांच्या टीमने : जेक एलियट, तामस केमेन्झी आणि संगीतकार बेन बॅबिट. २०११ मध्ये त्यांनी किकस्टार्टरवर लोकांकडून पैसे मागितले, साडेसहा हजार डॉलर. मिळाले साडेआठ हजारांच्या आसपास. मोठ्या गेम कंपन्यांचं बजेट पाहिलं तर ही रक्कम चहापाण्याची. त्याच वर्षी गेम पूर्ण करायचा त्यांचा बेत होता. प्रत्यक्षात पाच अंकांपैकी पहिला अंक आला जानेवारी २०१३ मध्ये. दुसरा त्याच वर्षी मे महिन्यात, तिसरा २०१४ मध्ये, चौथा २०१६ मध्ये आणि शेवटचा थेट जानेवारी २०२० मध्ये! अंकांच्या मधे छोटे प्रवेशही येत राहिले, अगदी नाटकासारखे. पहिला अंक कॉलेजात असताना खेळलेला मुलगा शेवटच्या अंकापर्यंत नोकरी बदलून, कदाचित लग्न करून मोकळा झाला असेल. आपण नशीबवान, आपल्याला सगळं एकदम मिळतं.

एक ग्लास

(इथून पुढे थोडं गुपित फुटणार आहे. आधी खेळायचं असेल तर पुढचे भाग नंतर वाचा.)

खाणीत कॉनवेच्या पायाला दुखापत होते. उपचार होतात, पायाच्या जागी हाडांचा, पिवळसर चमकणारा पाय येतो. मग तिसऱ्या अंकात तो एका दारूच्या भट्टीत पोचतो. तिथले सगळे कामगार म्हणजे तसेच चमकणारे सांगाडे. कॉनवे एकेकाळी दारूच्या आहारी गेलेला, आता सुटलेला माणूस. तिथे त्याच्यापुढे एक ग्लास येतो. आपल्याला वाटत राहतं, नको उचलूस. पण त्याला थांबवणं आपल्या हातात नसतं. तो ग्लास असतो अत्यंत महागाचा. ती उधारी फेडायला आता त्याने तिथेच ड्रायव्हर म्हणून राबायचं. इतका वेळ ओळी निवडायला देणारा गेम नेमका इथे आपला हात काढून घेतो.

मी लॅपटॉप मिटला. खरं सांगू? मला भीती वाटली. माझं एज्युकेशन लोन आहे. डिग्री हातात आलीय, हप्ते सुरू व्हायला काही महिने आहेत आणि सध्या मी इंटर्न आहे, म्हणजे काय ते तुम्हाला माहीत आहे. फॉर्मवर सह्या केल्या तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. बाबा शेजारी बसून ‘इथं कर, इथं कर’ म्हणत बोट ठेवत होते. कुणी फसवलं नव्हतं, सगळं नियमात होतं. पण आपलं आयुष्य जरासं दुसऱ्याचं झालं, तो क्षण कसा दिसतो हे मी पहिल्यांदा बाहेरून पाहत होते. त्या भट्टीत कुणी खलनायक नाही. सगळे नम्रपणे बोलतात. चौथ्या अंकात नदीवरच्या प्रवासात कॉनवे पूर्ण सांगाडा होतो आणि त्या कामगारांबरोबर निघून जातो. नायक गेमच्या अर्ध्या वाटेत असा सोडून जातो आणि डिलिव्हरी उरते शॅनन आणि बाकीच्यांच्या गळ्यात.

खेळायचं तर...

कॉम्प्युटरवर, स्विच, प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्सवर हा गेम मिळतो. चांगल्या ग्राफिक्स कार्डची गरज नाही, रूममेटच्या जुन्या लॅपटॉपवर मस्त चालला. सगळं मिळून नऊ-दहा तास लागतात, पण एका रात्रीत एकच अंक खेळा. मधले छोटे प्रवेश गाळू नका. इंग्रजी भरपूर आहे, ते वाचायची तयारी हवी. झिरो हायवे गोल आहे, तिथे ठरावीक खुणा आल्या की उलट फिरायचं असतं, त्यामुळे रस्ता चुकलात तर वैतागू नका, तो चुकण्यासाठीच आहे. चौथा अंक मला मधेमधे रटाळ वाटला, हेही सांगून टाकते. हेडफोन मात्र लावाच.

पुराच्या दुसऱ्या दिवशी

पाचवा अंक. इतका वेळ रात्र होती, आता पहिल्यांदा लख्ख सकाळ. आपण आता एक मांजर आहोत. एका छोट्या वस्तीत पूर येऊन गेलाय, आपण गोल गोल फिरत माणसांचं बोलणं ऐकतो. घरं पडलीत. गावाचे दोन घोडे मेलेत, लोक त्यांच्यासाठी खड्डा खणतायत. काही जण म्हणतात इथून निघू या, काही म्हणतात राहू या.

मी सांगलीची. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी आमच्या झेरॉक्सच्या दुकानात शिरलं, तेव्हा मी सोळा वर्षांची होते. मशीन बुडालं, मशीनचं कर्ज काही बुडालं नाही. ते फिटायला पुढची चार वर्षं गेली.

मागच्या महिन्यात घरी गेले तेव्हा हा अंक पुन्हा उघडला होता. बाबा मागे येऊन उभे राहिले. ‘हे काय, गेम व्हय?’ म्हणाले. त्यांना इंग्रजी फारसं येत नाही, म्हणून मी एकेक ओळ मराठीत वाचून दाखवायला लागले. पाच मिनिटांसाठी टेकलेले बाबा शेवटपर्यंत उठले नाहीत. मधेच, ‘त्या मांजराला जरा तिकडं ने की, ती बाई काय म्हणत्येय बघू,’ असं सांगायचे. घोड्यांना मूठमाती देताना सगळे गोळा होतात, गाणं होतं, तेव्हा आम्ही दोघंही काही बोललो नाही.

संपल्यावर बाबांनी विचारलं, ‘मग ती माणसं राहिली का गेली?’

मी म्हटलं, ‘ते आपण ठरवायचं, बाबा.’

‘असं कसं?’ म्हणत ते उठले. दारापर्यंत जाऊन थांबले. म्हणाले, ‘आपण गच्चीवर बिलं वाळत घातली होती, आठवतंय? वर एकेक दगड ठेवून. राजू पानवाल्यानं त्याचे दगड आणून दिले होते.’

मला दगड आठवत होते. ते कुणी आणून दिले होते, हे मला माहीतच नव्हतं.