घरच्या सुट्टीचा डोस

मे महिना संपत आला की आमच्या सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत एक ठरावीक गर्दी दिसू लागते, सहलीहून परतलेल्यांची. कुणाला जुलाब, कुणाचे पाय सुजलेले, कुणाच्या रक्तदाबाच्या गोळ्या ‘बॅगेत तळाशी गेल्या’ म्हणून आठ दिवस बंद. ‘जरा आराम करा’ म्हटलं की उत्तर येतं, ‘डॉक्टर, आरामालाच तर गेलो होतो!’

सुट्टी औषधासारखी काम करते, यात वाद नाही. अमेरिकेत हृदयविकाराचा धोका असलेल्या १२ हजारांहून अधिक मध्यमवयीन पुरुषांची नऊ वर्षं पाहणी झाली होती. दरवर्षी सुट्टी घेणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण कमी आढळलं. आता मुळात धडधाकट आणि खिशाने बरा माणूसच सुट्टी घेऊ शकतो, हेही खरं. तरी निष्कर्ष दुर्लक्ष करण्याजोगा नाही.

पण सुट्टी म्हणजे प्रवासच का? नेदरलँड्समध्ये सुमारे दीड हजार लोकांवर झालेला एक अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. सहलीला जाणारे लोक निघण्यापूर्वी जास्त आनंदी होते. परत आल्यावर मात्र ते आणि घरी राहिलेले यांच्यात फारसा फरक उरला नाही. अपवाद एकच, ज्यांची सुट्टी खरोखर निवांत गेली त्यांचा. पहाटे पाचला गाडी, दिवसात सात ‘पॉइंट’ आणि घाटात तीन तास अडकणं, याला निवांत कोण म्हणेल?

जर्मन मानसशास्त्रज्ञ सबिन सोनेंटाग आणि त्यांच्या सहकारी शार्लट फ्रिट्झ यांनी कामाचा शीण कशाने उतरतो, याची चार अंगं मांडली आहेत. कामाचा विचार डोक्यातून जाणं, शरीर-मन सैल होणं, काहीतरी नवं शिकण्यात रमणं आणि आपला वेळ आपल्या मर्जीने घालवता येणं. यातल्या एकालाही तिकीट लागत नाही. तिसऱ्या अंगाकडे आपण फार कमी लक्ष देतो. माळ्यावरची पेटी खाली काढणं, कॅरमला पावडर लावून नातवंडांना हरवणं (किंवा हरणं), गच्चीवर मिरचीची रोपं लावणं हा वेळकाढूपणा नव्हे. २०२३ मध्ये १६ देशांतल्या ६५ वर्षांवरील सुमारे ९३ हजार लोकांची माहिती तपासली गेली. छंद असणाऱ्यांमध्ये नैराश्याची लक्षणं कमी आणि समाधान जास्त दिसलं.

म्हणून मधुमेहाच्या, गुडघेदुखीच्या कितीतरी रुग्णांना मी सांगतो, यंदा सहल राहू द्या, कर्ज काढून तर मुळीच जाऊ नका. आठ दिवसांची रजा मात्र सोडू नका.

इथे एक अडचण येते. मागच्या वर्षी एक गृहस्थ पत्नीला दाखवायला घेऊन आले होते. ‘यंदा कुठे गेलो नाही, पोरंबाळं बोलावली, घरीच धमाल केली,’ असं ते उत्साहाने सांगत होते. बाईंचा रक्तदाब १७० च्या वर. त्या हळूच म्हणाल्या, ‘यांची धमाल झाली. माझ्याकडे रोज अकरा पानं होती.’ आमरसासाठी आंबे पिळणारे हात कुणाचे, हे कुणी विचारलंच नव्हतं.

फ्रेमिंगहॅमचा प्रसिद्ध हृदयरोग अभ्यास १९४८ पासून चालू आहे. त्यातल्या गृहिणींच्या वीस वर्षांच्या नोंदींमध्ये, क्वचितच सुट्टीवर जाणाऱ्यांना हृदयविकाराचा धोका अधिक दिसला होता. कारण उघड आहे असं मला वाटतं. जिचं कामाचं ठिकाणच घर, तिला घरी राहून सुट्टी मिळतच नाही. सहलीत निदान आयतं ताट तरी मिळतं.

तेव्हा घरची सुट्टी घ्यायची तर रजेच्या अर्जासारखी तारखा घालून घ्या. त्या दिवसांत एक वेळचा स्वयंपाक घरातल्या पुरुषांनी आणि मुलांनी करावा. खिचडी-पापड झाले तरी चालेल. ऑफिसचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप म्यूट करावा. पाहुणे बोलवायचे तर भांडी कोण घासणार, हे आधी ठरवावं. मग सकाळ-संध्याकाळ चालणं आणि दुपारची डुलकी. डुलकी अर्ध्या तासाची पुरे, नाहीतर रात्रीची झोप जाते.

आणि ज्या घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस आहे, तिथे शुश्रूषा करणाऱ्या सुनेला किंवा लेकीला हा घरी राहण्याचा सल्ला लागू नाही. तिला दोन दिवस बहिणीकडे पाठवा. जाण्यापूर्वी औषधांच्या वेळा, पथ्य आणि कूस बदलण्याचं वेळापत्रक तिच्याकडून मोठ्या अक्षरात लिहून घ्या आणि फ्रिजवर चिकटवा. तिला दर तासाला फोन करून विचारू नका.