एअरबॅगचा दिवा विझत नसेल तर...



दरवेळी या पानावर मी लागण, खोडवा, खताचे हप्ते याविषयी लिहितो. या खेपेस विषय जरा निराळा आहे. गेल्या काही वर्षांत आपल्या पुष्कळ सभासदांच्या दारात चारचाकी आली. गटात फिरताना कितीतरी गाड्यांच्या डॅशबोर्डवर एक लाल किंवा पिवळा दिवा सतत पेटलेला दिसतो. त्यावर आसनावरचा माणूस आणि त्याच्यापुढे फुगलेला गोळा, असे चित्र असते. विचारले तर उत्तर ठरलेले, "साहेब, तो तसाच पेटतो. गाडीला काही त्रास नाही." त्रास गाडीला नाही, आत बसणाऱ्याला आहे, म्हणून हा लेख.

मला स्वतःला याची जाणीव दातिवऱ्याला झाली. पालघर तालुक्यात वैतरणेच्या मुखाशी, समुद्राला लागून हे गाव आहे. तिथे सौ.च्या नात्यात लग्न होते. परत निघताना पाहुण्यांनी बर्फात घातलेल्या मासळीचा थर्माकोलचा डबा प्रेमाने दिला. तो आम्ही पुढच्या डाव्या आसनाखाली सरकवला. सफाळे ओलांडून महामार्गाला वरई फाट्यावर येईपर्यंत डब्यातून पाणी गळाले आणि एअरबॅगचा दिवा जो पेटला तो विझेचना. वाटेत एका गॅरेजवाल्याला दाखविले. तो म्हणाला, "बल्बच काढून टाकतो, दोनशे रुपयांत काम." मी त्याला हात जोडले आणि पुढे निघालो.

बंधूंनो, विहिरीवरच्या मोटारीचा स्टार्टर वारंवार पडतो म्हणून ओव्हरलोड रिलेला तार मारून मोटार चालविणारे आपल्यात आहेत. चार दिवस पाणी चालते, पाचव्या दिवशी वाइंडिंग जळते. एअरबॅगचा बल्ब काढणे हा त्यातलाच प्रकार आहे. फरक इतकाच की मोटार पुन्हा भरून मिळते.

यंत्रणा चालते कशी?

गाडीच्या पुढच्या भागात आणि मध्यभागी धक्का ओळखणारे सेन्सर असतात. समोरून जोराची धडक बसली की ते कंट्रोल युनिटला कळवितात. युनिट विजेचा एक झटका देते, इन्फ्लेटरमधील रसायन पेटते, वायू तयार होतो आणि पिशवी फुगते. हे सारे सेकंदाच्या साधारण तिसाव्या हिश्श्यात, म्हणजे पापणी लवायच्या आत होते. त्याच वेळी सीटबेल्टही आवळला जातो. एअरबॅग ही बेल्टची जोडीदार आहे, बेल्टच्या बदली नाही. बेल्ट न लावता पुढे फेकलेल्या माणसाला तीच पिशवी इजा करू शकते. म्हणून चालकाने छाती आणि स्टीअरिंग यांत सुमारे 25 सेंटिमीटर अंतर ठेवावे.

किल्ली फिरविल्यावर युनिट सर्व जोडण्या तपासते. तेवढा वेळ दिवा पेटतो व काही सेकंदांत विझतो. पेटूनच राहिला किंवा लुकलुकत राहिला तर बिघाड आहे. बिघाड असताना अपघाताच्या वेळी एअरबॅग उघडेल याचा भरवसा धरू नये. आणि दिवा मुळीच पेटत नसेल तर आणखी सावध व्हावे. जुनी गाडी घेताना हे आवर्जून पाहावे. उघडलेली पिशवी पुन्हा न बसविता, नुसते वरचे झाकण लावून आणि दिवा बंद करून विकलेल्या गाड्याही असतात.

नेहमीची कारणे

1) आसनाखालचा पिवळा कनेक्टर : एअरबॅगच्या तारा व कनेक्टर बहुधा पिवळे असतात, ते ओळखीसाठी. आसन मागेपुढे सरकविताना, खाली डबे-पोती कोंबताना कनेक्टर ढिला होतो. पाणी गेले तर गंजतो.

2) स्टीअरिंगमधील गुंडाळी तार : स्टीअरिंग फिरते, पण पिशवीपर्यंत वीज अखंड जायला हवी. म्हणून घड्याळाच्या कमानीसारखी गुंडाळलेली चपटी तार बसविलेली असते. ती तुटली की दिवा पेटतो आणि बहुधा हॉर्नही बंद पडतो. ही दोन लक्षणे एकदम दिसली तर पहिला संशय हिच्यावर घ्यावा.

3) उंदीर : उसाच्या कडेला उभ्या राहणाऱ्या गाडीच्या तारा उंदीर कुरतडतात, हे तुम्हाला सांगायला नको.

4) पुढचा सेन्सर : जुनी ठोकर, गंज किंवा बंपरचे काम करताना सुटलेली जोडणी.

5) उतरलेली बॅटरी : व्होल्टेज कमी पडले तरी दिवा पेटू शकतो.

निदान व दुरुस्ती

खोडव्यात केवडा पडला की काहीजण युरियाचे पोते ओततात. कमतरता लोहाची असेल तर हिराकस पाहिजे, युरियाने पिवळेपणा जात नाही. इथेही तसेच आहे. वर्कशॉपमध्ये स्कॅनर लावून बिघाडाचा कोड वाचावा. कोड नुसता पुसून दिवा घालविणे ही दुरुस्ती नव्हे, कारण तसाच असेल तर दिवा पुन्हा येतो. कोड म्हणजे दिशा. तो 'अमुक जोडणीत रोध जास्त' एवढेच सांगतो. पिशवी खराब, तार तुटलेली की कनेक्टर गंजलेला, हे पुढे तपासावे लागते.

माझ्या गाडीत कोड डाव्या आसनाच्या जोडणीचा निघाला. कारागिराने आधी बॅटरीची ऋण तार सोडली आणि थांबला. युनिटमध्ये साठलेली वीज बॅटरी काढल्यावरही काही काळ पिशवी उडवू शकते, म्हणून कंपनीने सांगितली असतील तेवढी मिनिटे थांबावेच लागते. मग कनेक्टर उघडला. आत खाऱ्या पाण्याने हिरवा गंज चढला होता. टर्मिनल बदलले, गालिचा वाळवला, कोड पुसला आणि दिवा नेमाने पेटून विझला. पिशवी बदलावी लागली नाही.

एक गोष्ट कडकपणे सांगतो. हे काम घरी करू नये. साध्या मीटरने पिशवीचा रोध मोजू नये, मीटरच्या विजेनेही ती फुटू शकते. पिशवीच्या जागी रेझिस्टर लावून युनिटला फसविणारे कारागीर टाळावेत. एकदा उघडलेली पिशवी बदलावीच लागते आणि तिच्याबरोबर युनिट व आवळलेले बेल्टही कंपनीच्या सूचनेप्रमाणे तपासून बदलावे लागतात.

कधीकधी दोष कारखान्यातूनच येतो. जानेवारी 2023 मध्ये मारुती सुझुकीने एअरबॅग कंट्रोलर तपासण्यासाठी 17,362 गाड्या परत बोलावल्या होत्या. जपानच्या ताकाता कंपनीच्या इन्फ्लेटरमधील अमोनियम नायट्रेट वर्षानुवर्षांच्या उष्ण-दमट हवेत बिघडत असे आणि फुटताना धातूचे तुकडे उडत. जगभर कोट्यवधी गाड्या परत बोलवाव्या लागल्या, 2017 मध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. होंडाने भारतातही असे इन्फ्लेटर बदलून दिले. आपल्या गाडीचा चासी नंबर देऊन विक्रेत्याकडे चौकशी करावी. अशी दुरुस्ती फुकट असते.

शेवटचे महत्त्वाचे

वरई फाट्यावरून त्याच महामार्गाने उत्तरेस गेले की चारोटीजवळ सूर्या नदीचा पूल लागतो. 4 सप्टेंबर 2022 रोजी तिथे सायरस मिस्त्री यांची गाडी कठड्यावर आदळली. गाडी महागडी, एअरबॅग असलेली. पुढचे दोघे जखमी झाले पण वाचले. मागे बसलेले मिस्त्री आणि जहांगीर पंडोल दगावले. मागच्या दोघांनी बेल्ट लावले नव्हते, असे पोलिसांनी सांगितले. मागे बसणाऱ्यालाही बेल्ट सक्तीचा आहे, न लावल्यास 1,000 रुपये दंड आहे. पण दंडासाठी नव्हे, जिवासाठी लावावा.

पुढे हौसेने लोखंडी गार्ड बसवू नका. त्याने सेन्सरला धक्का नीट कळत नाही. डिसेंबर 2017 मध्ये केंद्राने राज्यांना त्यावर कारवाई करण्यास सांगितले आहे.

आणि वाहतूकदार बंधूंनो, हंगामात उसाची ट्रॉली रात्री रस्त्यात उभी राहते. मागून येणारी गाडी तिच्याखाली घुसली तर धक्का बंपरऐवजी काचेवर बसतो, एअरबॅग वेळेवर उघडेलच असे नाही. तेव्हा ट्रॉलीला रिफ्लेक्टर लावा, बंद पडली तर रस्त्याच्या कडेला घ्या. त्या गाडीत आपलाच एखादा सभासद असेल.

उद्या सकाळी किल्ली फिरवाल तेव्हा दिव्याकडे पाहा. पेटला आणि विझला, तर बेल्ट लावून निघा. पेटूनच राहिला, तर उसाची बिले होईपर्यंत थांबू नका.

— ऊस विकास अधिकारी