प्रौढ जलतरणपटूला प्रशिक्षक कशासाठी?

पुण्यात पोहणे ही लहानपणी एकदाच शिकून टाकण्याची गोष्ट मानली जाते. जुन्या पिढीने ते पाठीला भोपळा बांधून विहिरीत किंवा नदीत शिकून घेतले, नंतरच्या पिढ्यांनी उन्हाळ्याच्या सुट्टीत डेक्कन जिमखान्याच्या टिळक तलावासारख्या एखाद्या तलावावर. पाण्यावर तरंगता आले, काठावरून सूर मारता आला की शिक्षण संपले आणि प्रशिक्षकाचे कामही संपले. साहजिकच चाळिशीतील एखाद्या गृहस्थाने पोहण्यासाठी प्रशिक्षक लावला, तर ‘इतकी वर्षे पोहता येत नव्हते की काय?’ हा प्रश्न ठरलेला असतो. त्याच गृहस्थाने गाण्यासाठी गुरू केला, तर मात्र या शहरात कोणाच्याही भुवया उंचावत नाहीत.

वास्तविक वयाच्या पंचविशीनंतरही स्पर्धात्मक जलतरणाचे एक स्वतंत्र विश्व आहे. त्याला ‘मास्टर्स’ म्हणतात. जागतिक संघटनेच्या नियमांनुसार त्यात २५ ते २९, ३० ते ३४ असे पाच-पाच वर्षांचे गट असतात आणि ते नव्वदीच्याही पुढे जातात. भारतीय जलतरण महासंघ या गटांसाठी राष्ट्रीय स्पर्धा घेतो. त्याखेरीज मालवणच्या चिवला किनाऱ्यावर डिसेंबरमध्ये होणारी सागरी स्पर्धा आहे, आणि २०१९ पासून गोव्यात सुरू झालेल्या ‘आयर्नमॅन ७०.३’ ट्रायथलॉनमुळे १.९ किलोमीटर समुद्र पोहण्याची तयारी करणाऱ्यांची एक नवी फळीच उभी राहिली आहे. या मंडळींकडे जिद्द असते, शिस्त असते, चांगला चष्मा आणि महागडे घड्याळही असते. कमतरता असते ती बाहेरून पाहणाऱ्या जाणत्या डोळ्यांची.

हे डोळे इतके महत्त्वाचे का, याचे कारण पाण्यातच आहे. पाणी हवेच्या सुमारे आठशे पट घन असते आणि त्याचा विरोध साधारणपणे वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे वेग दुप्पट करायचा तर विरोध चौपट होतो आणि त्यासाठी लागणारी शक्ती आठपट. धावणारा माणूस जोर लावून काही अंशी वेळ कमी करू शकतो. पोहणारा केवळ जोर लावू लागला, तर त्यातील बराचसा जोर पाणी ढवळण्यात खर्च होतो. येथे प्रगतीचा स्वस्त मार्ग जोर वाढविण्याचा नव्हे, विरोध कमी करण्याचा आहे. मानवी शरीराची रचना मात्र त्याच्या आड येते. फुप्फुसांतील हवेमुळे छाती तरंगते, पाय खाली जातात. त्यात श्वासासाठी डोके वर उचलले की पाय आणखी बुडतात आणि आडवे शरीर तिरके होऊन समोरच्या पाण्याला भिंतीसारखे भिडते.

विहिरीत किंवा नदीत पोहायला शिकलेल्यांची अडचण नेमकी हीच असते. त्यांना पाण्याची भीती नसते, ही फार मोठी शिदोरी. पण डोके पाण्याबाहेर ठेवून हात मारण्याची सवय हाडीमाशी भिनलेली असते. अशा माणसाला ‘डोके खाली ठेवा’ एवढे सांगून भागत नाही. डोके खाली ठेवायचे तर पाण्यात सावकाश श्वास सोडता आला पाहिजे, आणि श्वास घेताना मान न उचलता सर्वांगाने कुशीवर वळता आले पाहिजे. दोष दिसतो मानेत, त्याचे मूळ असते श्वासात. ही साखळी ओळखणे हेच प्रशिक्षकाचे खरे कौशल्य होय.

पोहणाऱ्याला हे स्वतःला कळत नाही. आपला हात खांद्याच्या रेषेत पाण्यात शिरतो आहे, असे त्याला मनोमन वाटत असते. प्रत्यक्षात तो डोक्यासमोरून पलीकडे गेलेला असतो. अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठाचे प्रशिक्षक जेम्स ‘डॉक’ कौन्सिलमन यांनी पाण्याखालील चित्रीकरण करून जलतरणपटूंच्या हालचालींचा अभ्यास केला. मार्क स्पिट्झ हे त्यांचे शिष्य. जगज्जेते घडविणारे हेच कौन्सिलमन १९७९ मध्ये, वयाच्या ५८ व्या वर्षी स्वतः इंग्लिश खाडी पोहून गेले. आज तसे चित्रीकरण जलरोधक वेष्टनातल्या साध्या मोबाइलवर होते. तथापि चित्रफीत पाहून दहा दोष दिसले, तर त्यातला पहिला कोणता सुधारायचा, हे मोबाइल सांगत नाही.

चुकीची किंमत प्रौढांना खांद्याने मोजावी लागते. आठवड्यातून चार दिवस प्रत्येकी दोन किलोमीटर पोहणारा माणूस महिन्याभरात प्रत्येक हात हजारो वेळा डोक्यावरून नेतो. हात शरीराची मध्यरेषा ओलांडत असेल, अंगठा आधी पाण्यात शिरत असेल, तर खांद्यातील स्नायुबंध दर फेरीला घासले जातात. विशीतले शरीर हे निमूटपणे सहन करते. पन्नाशीतला खांदा करत नाही. मग सहा महिने फिजिओथेरपी, पाणी बंद आणि ‘वयच झाले’ हा शेजाऱ्यांचा निष्कर्ष. वय झालेले असतेच, पण दोष बहुधा हाताच्या मार्गाचा असतो.

दुसरी गोष्ट वेळेची. नोकरी, घर आणि शहरातील वाहतूक सांभाळून पाऊण तास पाण्यात मिळणारा माणूस त्या वेळात बहुतेकदा एकाच संथ गतीने फेऱ्या मारत राहतो. त्याने दम टिकतो, वेग वाढत नाही. चांगला प्रशिक्षक आधी मोजमाप करतो. समजा, कोणी ४०० मीटर ८ मिनिटांत आणि २०० मीटर ३ मिनिटे ५० सेकंदांत पोहला. दोन्हींमधील फरक २०० मीटरला ४ मिनिटे १० सेकंदांचा, म्हणजे शंभर मीटरला २ मिनिटे ५ सेकंद. ही त्याची टिकाऊ गती मानून शंभर-शंभर मीटरचे टप्पे, मध्ये मोजकी विश्रांती, अशी आखणी करता येते. सहा आठवड्यांनी पुन्हा तेच मोजमाप. त्यात सुधारणा दिसली नाही, तर आखणी बदलायची. वाढत्या वयात कष्टाच्या दोन दिवसांमध्ये विश्रांतीचा दिवस अधिक हवा, हेही सांगणारा कोणी लागतो. कारण जिद्दी माणूस स्वतःहून विश्रांती घेत नाही.

कोल्हापूरच्या वीरधवल खाडे याची कारकीर्द या संदर्भात आठवण्याजोगी आहे. बंगळुरूत निहार अमीन यांच्या मार्गदर्शनाखाली तयार झालेल्या वीरधवलने २०१० च्या ग्वांगझू आशियाई स्पर्धेत ५० मीटर बटरफ्लायमध्ये कांस्यपदक मिळविले. १९८६ मधील खजानसिंग यांच्या रौप्यपदकानंतर जलतरणातले भारताचे ते पहिलेच आशियाई पदक. पुढे तहसीलदारपदाच्या जबाबदारीत सराव मागे पडला. त्यातून तो परतला आणि २०१८ च्या जकार्ता स्पर्धेत ५० मीटर फ्रीस्टाइलमध्ये त्याचे कांस्यपदक सेकंदाच्या एका शतांशाने हुकले. त्या वेगाला एक शतांश म्हणजे जेमतेम सव्वादोन सेंटिमीटर. बोटाची दोन पेरेसुद्धा नाहीत. पुढे २०२३ मध्ये गोव्यातील राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत, बत्तिसाव्या वर्षी, त्याने याच शर्यतीत सुवर्णपदक घेऊन निरोप घेतला. हौशी जलतरणपटूचे गणित शतांशाचे नसते, हे खरे. त्याच्या सुरुवातीच्या सुरात आणि वळणांत कित्येक सेकंद सांडलेले असतात. २५ मीटरच्या तलावात शंभर मीटरला तीन वळणे येतात आणि बहुतेक प्रौढ ती प्रत्येक वेळी दम खाण्यासाठी वापरतात.

आपल्याकडे अडचण अशी की तलावावरची शिकवणी मुलांभोवती फिरते. सुट्टीतील बॅचेस, शालेय स्पर्धा, जिल्हा निवड चाचणी यांतून उरलेल्या वेळात प्रौढ. त्यांना ‘दहा लॅप मारा’ एवढे सांगितले जाते. जीवरक्षकालाच प्रशिक्षक समजण्याचा घोटाळाही सर्रास होतो. दोघांची कामे पूर्णपणे वेगळी आहेत. मास्टर्सच्या नियमांत बटरफ्लाय पोहताना ब्रेस्टस्ट्रोकचे पाय मारण्याची मुभा आहे, सुरुवात ठोकळ्यावरून न करता पाण्यातूनही करता येते. ज्याची कंबर किंवा गुडघे कुरकुरतात त्याच्या दृष्टीने या सवलती मोलाच्या आहेत. प्रशिक्षकाला त्या ठाऊक आहेत का, हे शिकवणी लावण्यापूर्वी जरूर विचारावे. पहिल्या दिवशी त्याने तुमचे वय, जुनी दुखणी आणि औषधे विचारली नाहीत, तर दुसरा शोधावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

समुद्राच्या बाबतीत हा प्रश्न वेळेचा राहत नाही, जिवाचा होतो. अमेरिकेतील ट्रायथलॉनमधील आकस्मिक मृत्यू आणि हृदय बंद पडण्याच्या घटनांचा सुमारे तीन दशकांचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील सुमारे दोनतृतीयांश घटना पोहण्याच्या टप्प्यात घडल्या होत्या आणि संबंधितांचे सरासरी वय सत्तेचाळीसच्या आसपास होते. पुणेकराची सारी तयारी तलावात, भिंतीला हात लावीत झालेली असते. समुद्रात भिंत नाही, तळावरची काळी रेषा नाही, शेजारच्याची लाथ कधी बसेल याचा नेम नाही. पुण्याच्या रोहन मोरे यांनी फेब्रुवारी २०१८ मध्ये न्यूझीलंडची कुक सामुद्रधुनी पार करून जगातील सात सामुद्रधुन्यांचा ‘ओशन्स सेव्हन’ टप्पा पूर्ण केला. असे करणारे ते पहिले आशियाई. अशा मोहिमेत सोबतच्या नौकेवरची माणसे पोहणाऱ्यावर अखंड नजर ठेवून असतात. हौशी स्पर्धकाला ती नजर आधीच्या काही महिन्यांत मिळायला हवी. भिंतीला स्पर्श न करता सलग पोहणे, ठराविक हातांनंतर डोळे पाण्याबाहेर काढून दिशा पाहणे, चार जणांनी एकाच लेनमध्ये खेटून पोहणे, हे सारे तलावातच शिकविता येते. आणि ज्याची तयारी झालेली नाही, त्याला हृदयतपासणी करून ये आणि यंदा दोन किलोमीटरऐवजी पाचशे मीटरला नाव दे, असे तोंडावर सांगणारा प्रशिक्षक भेटला, तर त्याची फी आनंदाने द्यावी.