इलेक्ट्रॉनिक पॅडसाठी आज्ञावलीची निवड : जाखडीच्या ठेक्याच्या संदर्भात

कोकणात जाखडीचा मुख्य हंगाम गणेशोत्सवाचा, म्हणजे पावसाळ्याचा होय. गुहागर तालुक्यातील वेळणेश्वरसारख्या समुद्रालगतच्या गावी या दिवसांत दमट हवेमुळे ढोलकीचे कातडे सैल पडते व स्वर उतरतो. इलेक्ट्रॉनिक पॅडवर हवेचा असा परिणाम होत नाही; शिवाय कौलांवरील पावसाचा आवाज मायक्रोफोनमध्ये शिरण्याचा प्रश्नही ठेक्यापुरता मिटतो. म्हणून घरगुती ध्वनिमुद्रणात पॅड व संगणक यांची जोडी सोयीची ठरते. मात्र त्यासाठीची आज्ञावली केवळ ध्वनिसंग्रहाच्या आकारावरून निवडणे योग्य नव्हे.

पॅडकडून संगणकाकडे ध्वनी जात नाही. १९८३ पासून प्रचारात आलेल्या 'मिडी' या संकेतपद्धतीनुसार कोणत्या पॅडवर आघात झाला आणि तो किती जोराचा होता, एवढेच कळविले जाते. हा जोर १ ते १२७ या अंकांत व्यक्त होतो. प्रत्यक्ष ध्वनी उमटतो तो आज्ञावलीत साठविलेल्या नमुन्यांतून. एका बोलाचे हलके, मध्यम व जोरकस असे स्वतंत्र नमुने नसतील, तर एकच नमुना लहानमोठा करून वाजतो. आणि समान जोराचे पर्यायी नमुने नसतील, तर द्रुत लयीत ठेका यांत्रिक भासतो.

'सुपिरियर ड्रमर ३' (२०१७) या आज्ञावलीचा संग्रह २३० गिगाबाइटहून मोठा आहे. परंतु तो प्रामुख्याने पाश्चात्त्य ड्रमसेटचा. त्यात स्वतःचे नमुने भरता येतात हे खरे, पण तेवढ्यासाठी इतका खर्च व इतकी साठवण कशाला? 'हायड्रोजन' ही आज्ञावली विनामूल्य असून तीत जोरानुसार नमुन्यांचे थर रचता येतात. उन्हाळ्यात, ढोलकी चढी असताना, गावातल्याच वादकाकडून एकेक बोल तीन-चार जोरांत वाजवून घेऊन ते मुद्रित करावेत आणि अशा आज्ञावलीत भरावेत, हा मार्ग अधिक उचित होय.

डाव्या तोंडावरील घुमारा मात्र सहजी साधत नाही. तेथे आघातानंतर हाताच्या दाबाने स्वर सरकतो, आणि साध्या पॅडकडून केवळ आघाताची नोंद होते. यावर अर्धामुर्धा उपाय म्हणजे घुमाऱ्याचे दोन-तीन नमुने वेगवेगळ्या पॅडवर ठेवणे.

विलंबाचा मुद्दा वादकाला सर्वांत आधी जाणवतो. सेकंदाला ४४,१०० नमुने या दराने २५६ नमुन्यांचा साठा ठेवल्यास सुमारे ६ मिलिसेकंद विलंब होतो. म्हणजे दोन मीटरवरील वाद्य ऐकू येण्यास लागतो तेवढा. साठा १,०२४ केल्यास विलंब २३ मिलिसेकंदांवर जातो व हात अडखळू लागतो. संगणक जुना असेल, तर साठा कमी ठेवूनही खरखर न होता चालणारी हलकी आज्ञावलीच पसंत करावी. पैसे देण्यापूर्वी चाचणी-आवृत्तीवर जाखडीची एक संपूर्ण चाल, अखेरच्या द्रुत लयीपर्यंत, वाजवून पाहणे आवश्यक आहे.